मांडीचं पद

मी आजवर जे काही लिहिलं ते बहुतेक दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडलं, आणि मला ते सोयीचंच होतं. समोर उभं राहणं मला कधी जमलं नाही. बडोद्याबाहेर सावली गावाजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होतो, तेव्हा कामगारांच्या निरोप समारंभाची भाषणं मी लिहायचो आणि ती साहेब वाचायचे. ती नोकरी गेल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, गुजराती, इंग्रजी, कोणी मागितलीच तर मराठी. मिक्सर आणि गिझरबरोबर जे घडीचं माहितीपत्रक येतं, त्याचे अनुवाद केले. रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या मुलांसाठी जुन्या मोज्यांच्या बाहुल्या करून खेळ केले, तेही पडद्याआडून. बाजाच्या पेट्या दुरुस्त करायला शिकलो. कबरीच्या दगडावर दोन ओळी हव्या असल्या की लोक अजूनही माझ्याकडे येतात. एक कादंबरी अर्धी आहे. दुसरी एक त्याहून कमी आहे.

बायको म्हणते, "मला कोणी विचारलं, मिस्टर काय करतात, तर मी विचारते, या महिन्यात की गेल्या?"

हसण्यावारी जातं ते. पण अर्धवट सोडलेल्या गोष्टींचा एक वास असतो आणि तो माझ्या घराला आहे, हे तिला माहीत आहे आणि मलाही. म्हणूनच गेल्या वर्षी आख्यान पूर्ण झालं तेव्हा मला जे वाटलं, ते मी कोणाला सांगितलं नाही. पहिल्यांदा एक वस्तू माझ्या हातून सुरुवातीपासून शेवटापर्यंत गेली होती. तिच्यासाठी मी काय केलं, ते आता सांगतो.

आख्यान मामांसाठी होतं. माझे सख्खे मामा. रेल्वेत फिटर होते, आणि पन्नास-एक वर्षं बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळीत कीर्तन करत आले. ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की बडोद्यातली हिंदू मराठी मंडळी भुवया वर करतात, पण आमच्या आजोबा-पणजोबांपासूनची ती रीत आहे. फेटा, उपरणं, चिपळ्या, मागे पेटी-तबला, सगळं तेच. फक्त आख्यान पवित्र शास्त्रातलं. आमच्या देवळात (चर्चला आम्ही घरी देऊळच म्हणतो) सकाळी गुजराती उपासना असते आणि संध्याकाळी मराठी. मामांचं कीर्तन असलं की सकाळचे गुजरातीही संध्याकाळी परत यायचे.

मामा हे शिकले कुठे, हे मंडळीत सगळ्यांना ढोबळ माहीत होतं आणि कोणी खोलात जात नसे. लहानपणी ते ज्या चाळीत राहायचे, तिच्या मागे एक मंदिर होतं आणि चातुर्मासात तिथे एक बुवा रोज कीर्तन करत. ख्रिस्ती घरातलं हे पोर बाहेर पायरीवर बसून ऐकायचं. एका पावसात बुवांनीच त्याला आत बोलावलं आणि हातात झांजा दिल्या. पुढे तीन-चार चातुर्मास मामा बुवांच्या मागे उभे राहिले. घरी कळल्यावर आजोबांनी पट्टा काढला. तरी गेले.

बुवांचा एक दंडक मामांनी आयुष्यभर पाळला. आख्यान अर्धं टाकायचं नाही. दिवे जावोत, पाऊस पत्रे वाजवो, समोर एकच म्हातारी उरो. मामा मला सांगायचे, "ज्याला रानात नेलंस त्याला घरी आण, आणि मगच चिपळ्या खाली ठेव." मी त्यांच्यामागे पेटीवर बसायला लागलो तेव्हा माझं वय वीस असेल. हे वाक्य मी त्यांच्याकडून पुष्कळदा ऐकलं, आणि दर वेळी माझ्याकडे बघून ते जरा जास्त सावकाश म्हणायचे.

आता मामांनी ऐंशी ओलांडली आहे. बडोद्यातच, कारेलीबागेत मुलीकडे असतात. ती माझी मामेबहीण, माझ्याहून मोठी, मी तिला ताई म्हणतो. ती घरी गणिताच्या शिकवण्या घेते. दारात कायम पाच-सहा स्कूटर, आत वह्या आणि पोरांचा घामट वास. दोन वर्षांपूर्वी मामा दूध आणायला गेले आणि दोन गल्ल्या पलीकडे एका ओट्यावर बसलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, स्मरण जातंय, हळूहळू जाईल. जुनं शेवटपर्यंत राहील, नवं टिकणार नाही.

हे ऐकूनही मी त्यांच्यासाठी नवं आख्यान लिहायला घेतलं.

बापाकडून वाटा घेऊन घर सोडून जाणारा, सगळं उधळून परत येणारा धाकटा मुलगा, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ती सगळे शेवटाकडून सांगतात, बाप धावत येतो तिथून. मला ती सुरुवातीकडून सांगायची होती. तो पोरगा लहान असताना त्या घरात काय होतं? मी एक पद रचलं:

सांज होता बाप बसे ओट्यावरी
चढे मांडीवरी धाकुटा तो ॥

शास्त्रात हे कुठेच नाही. माझं आहे. त्या पदापासून सगळं आख्यान उलगडत जायचं, आणि शेवटी पोरगा परत येतो तेव्हा बाप पुन्हा त्याच ओट्यावर. मला अजूनही वाटतं, मी त्याहून चांगलं काही लिहिलेलं नाही.

त्याच सुमारास कळलं की पुण्याला लोककलांचा एक महोत्सव होणार आहे आणि ख्रिस्ती कीर्तनालाही त्यात जागा आहे. व्हिडिओ पाठवायचा, त्यावरून निवड. कीर्तनकार मामा, आख्यान माझं. पडद्यावर माझं नाव येईल, हे माझ्या मनात आलं नाही असं म्हणणार नाही. तेच आधी आलं. देवळाचा वर्धापन दिन जवळ होता. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पाद्रींना, विचारलं, ते खूश झाले. मग ताईला विचारलं.

ती पोरांच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "नवीन कशाला? जुनं करू देने काहीतरी. जुनं त्यांना झोपेत येतं."

"त्यांना स्वतःला हवंय, ताई."

"त्यांना? का तुला?"

"दोघांना."

आता तिने मान वर केली. "हे बघ, बाबांना लोकांसमोर काही झालं ना, तर मी तुला माफ नाही करायची. तालमीत एकदा जरी गडबडले तरी मला सांग. तिथल्या तिथे जवा दे, सोडून दे, बंद. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

तालीम दुपारी व्हायची, ताई बाजारात किंवा बँकेत गेली की. मुद्दाम नव्हतं तसं, पण मी वेळ बदललीही नाही. मामांना रचना पाठ व्हायला त्रास झाला, तरी चाल लागली की शब्द मागून येत. पूर्वरंग ते सुरेख करायचे. आणि मग मांडीचं पद यायचं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मला कळलंच नाही. "चढे मांडीवरी धाकुटा तो" म्हणून झालं, मामांनी चिपळ्या वाजवल्या, एक पाऊल पुढे आले आणि बोलायला लागले: तेवढ्यात राणी आली. सावत्र आई ती. म्हणाली, ऊठ, ही मांडी तुझी नाही. ही मांडी हवी असेल तर माझ्या पोटी जन्म घे... मी पेटीवर चाल धरून होतो आणि आवाज इतका भरलेला होता की दोन-तीन वाक्यं मी नुसता ऐकतच राहिलो. मग लक्षात आलं. ते त्या पाच वर्षांच्या राजपुत्राचं आख्यान होतं, बापाच्या मांडीवरून उठवलेला आणि तप करायला रानात निघालेला तो. बुवांचं. सत्तर वर्षांपूर्वी पायरीवर बसून ऐकलेलं.

"मामा," मी म्हणालो.

थांबले. माझ्याकडे पाहिलं. "पुढं काय आहे?"

मी पुढची ओळ सांगितली, ते लगेच रुळावर आले. शेवटपर्यंत नीट म्हणाले.

दुसऱ्या तालमीला तेच झालं, त्याच जागी. तिसऱ्यालाही. मी आता त्या जागेच्या आधीपासूनच ताठ व्हायचो. पदाची दुसरी ओळ संपली की श्वास न घेता पुढची ओळ मीच मोठ्याने म्हणायचो, कधी ते माझ्यामागून यायचे, कधी राणी माझ्या आधी यायची.

सरळ उपाय होता. पद काढून टाकायचं. बाकी कुठेही ते घसरत नव्हते. मांडी काढली की राणी येणार नव्हती. एका दुपारी मी ते पद खोडलंही. मग घरी येऊन सगळं आख्यान मोठ्याने वाचलं आणि त्या पदावाचून ते इतरांसारखंच झालं होतं, गोड, माहितीचं, कोणीही लिहिलं असतं असं. मी पद परत घातलं.

ताईने कीर्तनाच्या आदल्या दिवशी विचारलं, "अडकतात का कुठे?"

"नाही."

"खरंच?"

"एकदाही नाही, ताई."

तिने माझ्या हातावर थोपटलं. तेवढंच. ते थोपटणं मला अजून हातावर लागतं.

वर्धापन दिनाला देऊळ भरलं होतं. मागे गुजराती मंडळी, पुढे आमची, डाव्या बाजूला बायका. दुसऱ्या बाकावर ताई, मोरपंखी साडीत. तिने मामांचा फेटा स्वतः बांधला होता. सयाजीगंजच्या एका स्टुडिओतला फोटोग्राफर मी आणला होता, दोन कॅमेरे, एक मामांवर आणि एक माझ्यावरही जाईल असा. पहिल्या बाकावर देवळाचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीचे सचिव बसले होते. देवळात टाळ्या वाजल्या तरी त्यांना खपत नाहीत. कीर्तन त्यांनी कधी मनापासून मानलं नव्हतं.

मामा उभे राहिले. अंगावर पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं. त्यांनी मागे वळून मला विचारलं, "सूर?" मी सूर दिला. त्यांचे हात घरी चहाचा कप धरताना थरथरतात. चिपळ्या धरल्यावर थरथरले नाहीत.

पूर्वरंग झाला. लोक डोलत होते. सचिवसाहेबांचाही पाय हलत होता, त्यांच्या नकळत. मी घामाने भिजलो होतो. पंखे होते, नोव्हेंबर होता, तरी. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं: राणी आलीच तर पेटी वाढवायची, तबल्याला खूण करायची आणि पुढचं पद मी उचलायचं. लोकांना वाटेल लय चढवली.

मामांनी उत्तररंगाला हात घातला. गाव सांगितलं. शेत सांगितलं. दोन मुलगे सांगितले. माझ्या बोटांना माहीत होतं आता किती ओळी उरल्या.

"सांज होता बाप बसे ओट्यावरी..."

ताई हसत होती. मला आठवतं, ती ओळ ऐकून ती शेजारच्या बाईकडे वळून हसली.

"...चढे मांडीवरी धाकुटा तो."

मी पुढची ओळ उचलायला गेलो, पण माझा आवाज फुटलाच नाही. आणि मामा एक पाऊल पुढे आले.

"तेवढ्यात राणी आली," मामा म्हणाले.

पुढच्या बाकांना लगेच नाही कळलं. मामांनी राणीचा आवाज काढला, मान तिरकी केली. कोणीतरी हसलंही, त्यांना वाटलं दृष्टांत आहे. मग पोरगा उठला, आईकडे गेला, रडला, आणि आईने त्याला ज्या देवाचं नाव घ्यायला सांगितलं ते नाव मामांनी घेतलं. आमच्या देवळात, वेदीसमोर, बुवांच्या चालीवर, भरल्या गळ्याने. हसणारे थांबले. बायकांच्या बाजूला एक कुजबूज उठली आणि पार मागच्या भिंतीपर्यंत गेली. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सचिव बाकावर दोन्ही हात टेकवून अर्धे उठले.

मामांना यातलं काही दिसत नव्हतं. पोरगं रानात शिरलं होतं. काटे होते, अंधार होता, वाघाचे डोळे होते, आणि मामा त्या अंधारात हात पुढे करून चाचपडत होते. मी इतक्या वर्षांत त्यांना इतकं चांगलं कीर्तन करताना पाहिलं नव्हतं. हे मी लिहितोय, पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू आहे आणि सगळं रेकॉर्ड होतंय.

मी पेटी वाढवली. जोरात, पूर्ण भाता देऊन. तबलेवाल्याने माझ्याकडे बघून ठेका बदलला.

मामा मध्येच थांबले. वळले.

"काय रे?" माइक त्यांच्या सदऱ्याला होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "पेटी का चढवलीस? पोरगं रानात उभं आहे."

मी वाजवत राहिलो.

"मामा, बस झालं," सचिव उभे राहून म्हणाले. "प्रार्थना घेऊ. पाळकसाहेब, प्रार्थना घ्या."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पाळकसाहेबांकडे. मग वर, भिंतीवरच्या क्रूसाकडे, आणि तिथे त्यांची नजर थांबली. चेहरा बदलताना मी पाहिला. आपण कुठे आहोत हे त्यांना एकदम कळलं, आणि आपण कुठे होतो ते कळेना. त्यांनी हातातल्या चिपळ्यांकडे पाहिलं, जणू कोणी आत्ताच हातात दिल्यात.

"मी काय म्हणत होतो?" त्यांनी मला विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं. "चुकलो का मी?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते कुठलं हे मला तेव्हाही माहीत होतं. मी पेटीच्या पट्ट्यांकडे बघत राहिलो.

ताई उठली. बाकांमधून वाट काढत पुढे आली, त्यांच्या दंडाला धरलं. "चला बाबा." त्यांनी चिपळ्या घट्ट धरल्या होत्या. म्हणाले, "अगं, अर्धं आहे अजून." तिने त्यांची बोटं एकेक करून सोडवली, चिपळ्या माझ्या पेटीवर ठेवल्या आणि बाजूच्या दाराने त्यांना घेऊन गेली. माझ्याकडे पाहिलं नाही.

प्रार्थना झाली. लांबलचक. मी डोळे मिटले नाहीत.

बाहेर फोटोग्राफर वायरी गुंडाळत होता. साऱ्या आवारात तोच एकटा खुशीत होता. "काका, आ वार्ता तो मारी बा पण कहेती'ती," तो म्हणाला. ही गोष्ट त्याची आईही सांगायची. "दादा शुं मस्त बोल्या! पण अधुरी केम राखी?" अर्धी का ठेवली, असं विचारून तो पुढची वायर गुंडाळायला लागला.

ताई मामांना रिक्षात बसवून परत आली होती, त्यांची चप्पल घ्यायला. आवारातल्या पिंपळाखाली मला गाठलं.

"तू हे आधी ऐकलं होतंस."

"ताई..."

"माझ्याकडे बघ. राणी आली तेव्हा सगळे दचकले. तू नाही दचकलास. मी तुलाच बघत होते."

"हो," मी म्हणालो. "ऐकलं होतं."

"कितीदा?"

"दर तालमीला."

तिने चप्पल छातीशी धरली होती, एक सरळ, एक उलटी. "पोरांना मी सांगते, उत्तर चुकलं तरी चालेल, पायरी लपवू नका," ती म्हणाली. आणि गेली.

पुढचे दिवस मी घरात बसून काढले. वाटलं होतं, लोक म्हणतील म्हातारपण आहे, विसरले. काहींनी तसं म्हटलंही. पण मंडळीच्या ग्रुपवर दुसरंच सुरू झालं. कोणीतरी मोबाइलवर घेतलेला तुकडा टाकला होता, तो देवाचं नाव घेण्याचा. खाली एकाने लिहिलं, शेवटी जे आत असतं तेच बाहेर येतं. मग दुसऱ्याने, पन्नास वर्षं आपण कोणाचं कीर्तन ऐकलं? सचिवांनी पाळकसाहेबांना विचारलं, यांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्यायचा की नाही याचा विचार व्हायला नको का. पाळकसाहेबांनीच मला फोन करून सांगितलं, दमलेल्या आवाजात. "तुम्ही त्यांच्याबरोबर असता. तुमचं काय मत?"

म्हणजे ज्या माणसाने ऐन तारुण्यात रात्रपाळी करून, सकाळी न झोपता, गावोगाव जाऊन प्रभूची गोष्ट सांगितली, तो खोटा ठरत होता. आणि ज्याने बापाच्या मांडीचा सापळा लावला, तो घरी बसून मत देणार होता. मी म्हणालो, "मत रविवारी सांगतो. उपासनेत."

आमच्याकडे सूचनांनंतर साक्षीला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायला, वेळ असतो. आजवर मी पुष्कळांच्या साक्षी लिहून दिल्या आहेत. बाळंतपणातून सुटका, नोकरी, सुटलेली दारू. स्वतः कधी उभा राहिलो नव्हतो. त्या रविवारी उभा राहिलो.

काय बोललो ते नीट आठवत नाही. सुरुवात वाईट झाली एवढं आठवतं. मी आधी बुवांचं सांगितलं, पायरीचं, पट्ट्याचं. सचिव म्हणाले, "हे माहीत आहे. मुद्दा काय?" मुद्दा मग एकदम तोंडून निघाला. म्हणालो, मांडीचं पद शास्त्रातलं नाही, माझं आहे. त्या जागी मामा घसरतात हे मला ठाऊक होतं, प्रत्येक तालमीला घसरले. ते पद काढलं असतं तर काही झालं नसतं. मला ते आवडत होतं म्हणून नाही काढलं. ताईने विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. पुण्याला व्हिडिओ पाठवायचा होता. "त्या दिवशी मामांनी विचारलं, चुकलो का मी. ते चुकले नव्हते. एका बापाच्या मांडीवरून दुसऱ्या बापाच्या मांडीवर गेले, आणि तिकडे त्यांना मी ढकललं. भोजन थांबवायचं असेल तर माझं थांबवा."

पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं. सचिव गायले नाहीत, पण ग्रुपवरचा तो तुकडा संध्याकाळपर्यंत कोणीतरी काढून टाकला. माझ्याशी बोलणं काही जणांनी कमी केलं. ते ठीकच आहे. पुण्याला मी काही पाठवलं नाही.

ताई त्या रविवारी देवळात नव्हती. माझी साक्ष तिच्यापर्यंत पोहोचली, पण तिला कोणी सांगितलं ते मला माहीत नाही.

चिपळ्या माझ्याकडेच होत्या. कपाटात ठेववत नव्हत्या, टेबलावर बघवत नव्हत्या. शेवटी एका गुरुवारी दुपारी पिशवीत घालून कारेलीबागेत गेलो. दारात स्कूटर नव्हत्या, शिकवणी सुटली होती. ताईने दार उघडलं. मी पिशवी पुढे केली.

तिने घेतली नाही. "मला काय करायच्यात? मी कीर्तन करते?"

"मामांच्या आहेत."

"बाबा रोज संध्याकाळी विचारतात, पोरगं घरी आलं का. मी म्हणते, आलं. तर म्हणतात, तू खोटं बोलतेस." तिचा आवाज कोरडा होता. "लिहिलंयस ना तू? मग आत जा आणि पुरं कर. तू. उभं राहून. पेटीमागे लपायचं नाही."

"मला जमत नाही ताई, उभं राहणं."

"मग नको जमू दे. पण कर."

मामा खिडकीशी खुर्चीत होते. मला पाहून हसले, ओळखलं की नाही सांगता येत नाही. "सूर?" म्हणाले.

पेटी नव्हतीच. मी टीपॉय बाजूला सरकवला, चिपळ्या काढल्या. चुकीच्या बोटांत घातल्या, मामांनी हात लांब करून बरोबर केल्या. मी पूर्वरंग गाळला. आवाज फाटत होता. दोन मुलगे सांगितले, शेत सांगितलं, आणि त्या पदाला आलो. क्षणभर वाटलं, आत्ता गाळावं. कोणाला कळणार होतं?

म्हटलं ते पद.

मामा खुर्चीत पुढे सरकले. "तेवढ्यात राणी आली," ते म्हणाले.

"आली," मी म्हणालो. "म्हणाली, ऊठ."

आम्ही दोघं मिळून रानात गेलो. बुवांचे शब्द मला येत नव्हते. मी आपलं साध्या भाषेत सांगत गेलो, बडोद्यात वाढलेल्या कोणालाही जेवढी ती गोष्ट माहीत असते तेवढी, आणि जिथे मला येत नव्हतं तिथे मामांना एखादी ओळ सापडायची, आणि जिथे त्यांची तुटायची तिथे मी. काटे आले, वाघ आला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता, तो कधी थांबला कळलं नाही. पोराला त्याची जागा मिळाली, तो घरी आला, राजाने त्याला जवळ घेतलं. मामांनी डोळे पुसले. मग मी म्हणालो, "आता दुसरा राहिला, मामा. धाकटा."

"तो कुठं आहे?"

"वाटेत."

"मग आण की."

वाट चालताना पाय झाले जड
नाही दार आड कोणी केले ॥

सुरात नव्हतं. पण शेवटपर्यंत म्हटलं, ओट्यापर्यंत. मघाशी नुसतं लोटलेलं दार आता उघडं होतं आणि ताई चौकटीला टेकून उभी होती, ओले हात तसेच. कधीपासून ते विचारायचं धाडस झालं नाही.

मामांनी माझ्या हाताकडे बोट केलं. मी अजून चिपळ्या घट्ट धरून होतो.

"ठेव आता खाली," ते म्हणाले.

मी ठेवल्या. ताई म्हणाली, "गुरुवारी शिकवणी चारला सुटते." आणि आत गेली. चहा विचारला नाही. मला तो बोलावण्याचाच प्रकार वाटला, पण चूकही असेल. पुढच्या गुरुवारी गेलो तेव्हा मामांना आधीचं काहीच आठवत नव्हतं. राणी त्याच जागी आली.